रिमांड होममधला मुलगा आणि घरातले मौन

एका भगिनीचे पत्र आले आहे. नाव-गाव छापू नका, अशी विनंती त्यात आहे. त्यांचा सतरा वर्षांचा मुलगा मोबाइल हिसकावल्याच्या प्रकरणात पाच आठवड्यांपासून निरीक्षणगृहात आहे. पत्रात पोलिसांविरुद्ध तक्रार नाही आणि मुलगा निर्दोष आहे असा दावाही नाही. त्यांनी विचारले आहे ते एवढेच : तो आत दिवसभर करतो काय, खातो काय, झोपतो कुठे, आणि रमजान आला तर त्याला रोजे ठेवू देतील का? हे त्यांना ठाऊक नाही, कारण घरातून कोणी त्याला भेटायला गेलेलेच नाही. अब्बांनी मनाई केली आहे. नातेवाइकांत सांगितले आहे की तो मामूंकडे कामाला गेला आहे.

असे ‘मामूंकडे गेलेले’ मुलगे आपल्या मोहल्ल्यांत थोडेथोडके नाहीत. म्हणून या वेळचे सदर याच विषयावर.

आपण ज्याला रिमांड होम म्हणतो त्याचे कायद्यातले नाव निरीक्षणगृह. तो तुरुंग नाही आणि तिथला मुलगा कैदी नाही. कायदा त्याला ‘विधीसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतो. शब्द इतका जड आहे की खुद्द त्या मुलांना तो उच्चारता येत नाही, पण त्यामागचा विचार साधा आहे. अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाच्या हातून गुन्हा घडला, तरी त्याला मोठ्या माणसांच्या कोर्टात उभे करायचे नाही आणि मोठ्या गुन्हेगारांसोबत कोंडायचे नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे चालते. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांपैकी निदान एक महिला असावी लागते. चौकशी चालू असेपर्यंत मुलाला ठेवायचे झाले तर निरीक्षणगृहात. दोष सिद्ध झाला आणि मंडळाला तसे वाटले, तर पुढे विशेष गृहात, जास्तीत जास्त तीन वर्षे. सोळा वर्षांवरील मुलाच्या हातून खुनासारखा अतिगंभीर गुन्हा घडला असेल, तर त्याच्यावर मोठ्यांप्रमाणे खटला चालवायचा का, याचा विचार मंडळ आधी वेगळी तपासणी करून करते. तिथेही फाशी देता येत नाही, आणि सुटकेची आशाच उरणार नाही अशी जन्मठेपही देता येत नाही.

काही बांधव इथे शंका काढतात की मुलगा बालिग झाला की त्याच्यावर नमाज-रोजा फर्ज होतो, मग अठराव्या वर्षापर्यंत त्याला मूल कसे म्हणायचे? पण कायद्याने या मुलांची जबाबदारी माफ केलेली नाही. त्यांना जाब द्यावा लागतो, चौकशीला तोंड द्यावे लागते, घर सोडून राहावे लागते. जाब कुठे घ्यायचा आणि घेताना मूल मोडून पडू नये म्हणून काय करायचे, एवढेच वेगळे ठरवले आहे. ज्याला मिसरूड फुटले आहे पण रात्री दिवा मालवला की भीती वाटते, अशा मुलाशी कसे वागावे हे घरातल्या आईला कायद्याच्या आधीपासून कळते.

आता आतला दिवस. वेळा गृहागणिक थोड्या बदलतात, पण साचा सगळीकडे सारखाच. सकाळी लवकर उठवतात आणि पहिली गोष्ट म्हणजे मोजणी. मुले रांगेत बसतात, आकडा जुळतो, मगच पुढचे काम. संडास-आंघोळीला पुन्हा रांग. जिथे मुले जास्त आणि नळ कमी तिथे सकाळचे पहिले भांडण बादलीवरून होते. मग प्रार्थना, थोडी कवायत, नाश्ता. नाश्त्याला पोहे, उपमा, चहा असे काहीतरी. नंतर वर्ग. वर्ग म्हटले की शाळा डोळ्यांपुढे येते, तसे नसते. एकाच खोलीत दहावी नापास झालेला, चौथीत शाळा सोडलेला आणि कधीच शाळेत न गेलेला, असे तिघे शेजारी बसलेले असतात. शिक्षक चांगला असेल तर तो एकाला सही करायला शिकवतो आणि दुसऱ्याला सतरा नंबरचा फॉर्म भरून देण्याच्या मागे लागतो. शिक्षकाची जागाच रिकामी असेल तर मुले चित्रे रंगवत बसतात. दुपारी वरण-भात, चपाती, भाजी. सरकारी नियमांत धान्य, डाळ, भाजी, दूध यांचे दर मुलामागे प्रमाण ग्रॅममध्ये लिहिलेले आहे, सणासुदीला वेगळे जेवण द्यावे असेही म्हटले आहे. मांसाहार शिजला तर तो हलाल आहे की नाही हा प्रश्न आपली काही मुले स्वतःच सोडवतात. त्या दिवशी ती नुसत्या वरण-भातावर राहतात.

दुपारनंतर कुठे शिवणकाम, कुठे सुतारकाम, कुठे संगणक. संध्याकाळी मैदान असेल तर क्रिकेट, नसेल तर कॅरम आणि टीव्ही. जेवण लवकर उरकते. पुन्हा मोजणी होते आणि मुले झोपण्याच्या हॉलमध्ये बंद होतात.

केंद्राच्या आदर्श नियमांत पंचवीस मुलांच्या हॉलला एक हजार चौरस फूट जागा सांगितली आहे. म्हणजे एका मुलाच्या वाट्याला चाळीस चौरस फूट, चार-पाच जानमाज शेजारी शेजारी अंथरता येतील एवढी. हा कागदावरचा हिशेब. मुले वाढली की तीच जागा वाटून घ्यावी लागते.

बाहेर आलेली मुले दिवसाबद्दल फारशी तक्रार करत नाहीत. ती बोलतात संध्याकाळनंतरच्या तासांबद्दल. हॉलला कडी लागल्यापासून झोप येईपर्यंतचा वेळ फार मोठा असतो, आणि त्या वेळेवर राज्य असते आतल्या ‘दादा’चे. दुसऱ्या-तिसऱ्यांदा आलेला, वयाने सतरा-अठराच्या काठावरचा एखादा मुलगा ठरवतो की पंख्याखाली कोण झोपणार, नव्या मुलाने कोणाचे कपडे धुवायचे आणि कोणाचे पाय चेपायचे. चौदा वर्षांचा मुलगा आणि साडेसतरा वर्षांचा मुलगा यांना वेगळे ठेवावे असे नियम सांगतात. इमारत आणि माणसे अपुरी असली की ते वेगळेपण रात्री टिकत नाही. रात्रपाळीला एक-दोन काळजीवाहक असतात, आणि ‘दादा’ला हाताशी धरून हॉल शांत ठेवणे त्यांनाही सोयीचे वाटते. निरीक्षणगृहांतून मुले पळाल्याच्या, आपसांत मारामारी झाल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. त्या बहुतेक याच वेळेत जन्मतात.

दुसरी गोष्ट व्यसनाची. यावर आपण घरात बोलत नाही म्हणून इथे लिहितो. आत येणाऱ्या मुलांत पंक्चरचे सोल्युशन हुंगणारी, ‘बटन’ नावाच्या गोळ्या खाणारी आणि आता एमडी घेणारीही असतात. आत आल्यावर ते एकाएकी तुटते. पहिल्या आठ-दहा दिवसांत अंग दुखते, झोप उडते, चिडून भिंतीवर डोके आपटणे, हातावर ब्लेडने किंवा काचेने रेघा ओढणे असे प्रकार होतात. त्या दिवसांत मुलाला डॉक्टर आणि समुपदेशक लागतात. अनेक ठिकाणी डॉक्टर आठवड्यातल्या ठरलेल्या वारी येतात. मुलगा काय घेत होता हे आई-वडिलांनी स्वतःहून अधीक्षकांना सांगितले, तर त्याचे पहिले दहा दिवस निभावतात. अब्रूपोटी लपवले तर तो ‘मस्तीखोर’ ठरतो आणि तशी वागणूक मिळते. खरूज-नायटा ही आणखी एक कायमची तक्रार. ओले कपडे, एकमेकांचे टॉवेल आणि दाटीने झोपणे यांतून ती येते. सहा रुपयांचा साबण आणि स्वतःचा टॉवेल यांनी तिच्यात जेवढा फरक पडतो तेवढा मलमाने पडत नाही.

मुंबईच्या वाचकांना डोंगरीचे निरीक्षणगृह बाहेरून तरी माहीत असेल. उमरखाडीच्या त्या जुन्या भिंतींवरून आपल्यापैकी कितीतरी जण रोज जातात. ती इमारत मुळात तुरुंगच, १८०४ च्या सुमाराची. कोल्हापूर प्रकरणात अब्रुनुकसानीची शिक्षा झाल्यावर टिळक आणि आगरकर यांनी १८८२ साली १०१ दिवस काढले ते याच डोंगरीच्या तुरुंगात. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तकही लिहिले. पुढे १९२४ साली मुंबई प्रांतात मुलांसाठी वेगळा कायदा झाला, १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली आणि इथे मुले ठेवली जाऊ लागली. त्याच्याही आधी, १८५७ साली, बगदादहून मुंबईत आलेल्या ज्यू व्यापारी डेव्हिड ससून यांच्या नावाने बालगुन्हेगारांसाठी सुधारशाळा निघाली होती. ती संस्था आजही माहीममध्ये आहे. सांगायचे ते हे की मुलांना मोठ्या गुन्हेगारांपासून वेगळे ठेवावे हा विचार आपल्या शहरात दीडशे वर्षांहून जुना आहे. इमारती मात्र अनेकदा तुरुंगाच्याच राहिल्या. जाड भिंती आणि अरुंद खिडक्या असलेल्या वास्तूत मुलाला ‘तू कैदी नाहीस’ हे पटवणे अवघड असते.

या गृहांची स्थिती न्यायालयांना ठाऊक नाही असे नाही. १९८६ मध्ये पत्रकार शीला बारसे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने मुलांना तुरुंगात ठेवू नये म्हणून बजावले. २०१८ मध्ये संपूर्णा बेहुरा यांच्या याचिकेवरील निकालात न्यायालयाने रिकाम्या जागा, रखडलेली प्रकरणे आणि गृहांची तपासणी यांबद्दल राज्यांना आणि उच्च न्यायालयांना पावले उचलायला सांगितले. बत्तीस वर्षांच्या अंतराने त्याच विषयावर तेच सांगावे लागते, यातून काय समजायचे ते वाचक समजतील.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. मुलगा आत गेला यापेक्षा तो आत का राहिला, हा प्रश्न मला मोठा वाटतो.

कायदा जामिनाच्या बाजूने आहे. गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, मुलाला जामिनावर, आणि गरज पडली तर जामीनदाराशिवायही, सोडायचे हा नियम आहे. अडवायचे फक्त तीन कारणांनी : सोडल्यास तो सराईत गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला नैतिक, शारीरिक किंवा मानसिक धोका होईल, किंवा न्यायाचा हेतूच विफल होईल. मंडळ हे कशावरून ठरवणार? परिविक्षा अधिकाऱ्याच्या अहवालावरून. हा अधिकारी मुलाची, घराची, शाळेची, मित्रांची माहिती घेऊन दोन आठवड्यांत अहवाल देतो. तो आपल्या दारात येतो तेव्हा घरात काय घडते? शेजाऱ्यांना कळेल म्हणून दार अर्धेच उघडले जाते. अब्बा म्हणतात, आम्ही त्याला सोडला, तुम्हीच ठेवा, जरा सुधारू दे. ते रागाने बोललेले वाक्य अहवालात ‘पालक मुलाची जबाबदारी घेण्यास तयार नाहीत’ असे होऊन बसते. त्यात भेटीच्या नोंदवहीत घरच्या कोणाची सही नाही. मग मंडळातली भली माणसेसुद्धा म्हणणार, बाहेर याला पाहणारे कोणी नाही, आत बरा.

म्हणजे मुलाला आत ठेवणाऱ्या कड्यांपैकी एक कडी आपणच लावतो. राग मला कळतो. रिक्षा चालवून, भंगार वेचून, दुसऱ्याच्या दुकानात उभे राहून वाढवलेला मुलगा असा निघाला की बाप आतून मोडतो. पण ‘जरा सुधारू दे’ हा हिशेब चुकीचा आहे. चार महिने ‘दादा’च्या हॉलमध्ये झोपून मुलगा सुधारत नाही. तो ओळखी घेऊन येतो.

आणखी एक. मोबाइल हिसकावणे, साधी चोरी अशा तीन वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांना हा कायदा किरकोळ गुन्हे म्हणतो. त्यांची चौकशी मुलाला मंडळापुढे प्रथम आणल्यापासून चार महिन्यांत, आणि मुदत वाढवली तर आणखी दोन महिन्यांत संपली नाही, तर प्रकरण तिथेच बंद होते. जामीन मंजूर झाला पण अटी पुऱ्या करता आल्या नाहीत म्हणून मुलगा आत राहिला, तर सात दिवसांनी त्याला पुन्हा मंडळापुढे आणून अटी बदलायच्या असतात. हे आपोआप घडत नाही, कोणीतरी उठून म्हणावे लागते. वकिलाला पैसे नाहीत हे कारण इथे चालणार नाही. मुलाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात अर्ज करावा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा.

पुण्याचे प्रकरण सगळ्यांना आठवत असेल. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये एका अल्पवयीन मुलाच्या भरधाव पोर्शे गाडीने दोन तरुण इंजिनियरांचा जीव घेतला. त्याच दिवशी मुलाला जामीन मिळाला, अटींमध्ये तीनशे शब्दांचा निबंधही होता. देशभर संताप उसळला. मग त्याला निरीक्षणगृहात पाठवले, आणि जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते पाठवणे बेकायदा ठरवून त्याला सोडायला सांगितले. त्या दोन घरांचे दुःख मोठे आहे, आणि त्या प्रकरणात पुरावे दडपण्याचे जे आरोप झाले ते वेगळेच. पण उच्च न्यायालयाने जो कायदा लावला तो चुकीचा नव्हता. मला बोचते ते हे की तोच कायदा, त्याच कलमांसह, मोबाइल हिसकावणाऱ्या मुलालाही लागू आहे. त्याच्यासाठी रातोरात वकील धावत नाहीत आणि कोणी उच्च न्यायालयात जात नाही. आपल्या मोहल्ल्यातला मुलगा आत राहतो तो कायदा कडक आहे म्हणून नव्हे. त्याच्या बाजूने कागद सरकवणारे कोणी नसते.

कागदांवरून वयाचा विषय. हा आपल्या घरांना फार भोवतो. घरी बाळंतपण झाले, नोंद राहिली, शाळेत घालताना मास्तरांनी अंदाजे तारीख लिहिली, आणि पुढे कामाला लावायचा म्हणून घरच्यांनीच वय दोन वर्षे वाढवून सांगितले. मग पोलिसांच्या कागदावर एकोणीस लागते आणि सतरा वर्षांचा मुलगा मोठ्यांच्या तुरुंगात जातो. कायद्याने क्रम ठरवून दिला आहे : आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची वैद्यकीय तपासणी. आधार कार्ड हा जन्मतारखेचा पुरावा नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितले आहे. गुन्हा घडला त्या दिवशी मुलगा अठराच्या आत होता, हा दावा कोणत्याही कोर्टात आणि कोणत्याही टप्प्यावर, अगदी शिक्षा झाल्यानंतरही करता येतो. घरात ज्या मुलांचा जन्मदाखला काढलेला नाही त्यांचा या महिन्यात काढून ठेवावा. संकट येईल म्हणून नव्हे, शाळा आणि पासपोर्टसाठीही तो लागतोच.

अटकेच्या वेळच्या दोन-तीन गोष्टीही माहीत असाव्यात. मुलाला पोलीस लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, बेडी घालता येत नाही, चोवीस तासांच्या आत मंडळापुढे हजर करावे लागते. पालकांना कळवणे बंधनकारक आहे. त्याचे नाव, फोटो, शाळेचे नाव छापणे किंवा दाखवणे गुन्हा आहे. मोहल्ल्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘अमक्याचा पोरगा पकडला’ म्हणून फोटो फिरवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

एक प्रकार असा आहे की ज्यात मुलगा चोर नसतो, गुंड नसतो, तरी आत असतो. सतरा वर्षांचा मुलगा आणि सोळा वर्षांची मुलगी घरातून निघून जातात. मुलीचे वडील संतापाने पोलिसांत जातात. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अठराखालील मुलीची संमती ही संमती नाही, त्यामुळे गंभीर कलमे लागतात. मुलगा निरीक्षणगृहात, मुलगी बालगृहात. चार दिवसांनी दोन्ही घरे बसून समेट करतात आणि तक्रार मागे घ्यायला जातात, तेव्हा कळते की हे प्रकरण असे मागे घेता येत नाही. जिथे मुलीवर खरोखर जबरदस्ती झाली तिथे तक्रार झालीच पाहिजे, त्यात तडजोड नको. पण मुले हाताबाहेर जात आहेत हे दिसत असताना वर्षभर गप्प राहायचे आणि मग एका रात्रीत पोलीस ठाणे गाठायचे, यात दोघांचीही उमेदीची वर्षे जातात.

देशपातळीवरच्या गुन्हे नोंदींनुसार २०२२ मध्ये अल्पवयीन मुलांविरुद्ध ३०,५५५ गुन्हे नोंदले गेले. महाराष्ट्र त्यात वरच्या क्रमांकावर होता. पकडलेल्या मुलांपैकी पाचांतली जवळजवळ चार सोळा ते अठरा वयाची होती. आणि ज्या मुलांना आपण ‘रस्त्यावरची’ समजतो ती त्यांत थोडी. बहुतांश मुले आई-वडिलांसोबत, आपल्याच घरात राहणारी होती. ही आपल्याकडच्या जेवणाच्या दस्तरखानावर बसणारी मुले आहेत.

सूरह यूसुफ आपण भावांच्या मत्सराची आणि यूसुफ अलैहिस्सलाम यांच्या सब्राची गोष्ट म्हणून ऐकतो. तिच्यात एक बापही आहे. याकूब अलैहिस्सलाम यांनी हरवलेल्या मुलाचे नाव घेणे थांबवले नाही. रडून रडून डोळे पांढरे झाले, घरचे म्हणू लागले की तुम्ही त्याच्या आठवणीत संपून जाल, तरी ते उरलेल्या मुलांना सांगत राहिले की जा, त्याचा शोध घ्या, अल्लाहच्या रहमतीपासून निराश होऊ नका. कोणी म्हणेल, यूसुफ निर्दोष होते, माझा मुलगा नाही. खरे आहे. पण त्या गोष्टीत दोषी मुलेही आहेत. भावाला विहिरीत टाकणारी, बापाशी खोटे बोलणारी. तीही त्याच बापाची होती. बापाने त्यांना घरातून काढले नाही, आणि शेवटी ज्याच्यावर अन्याय झाला त्यानेच त्यांना माफ केले. कुरआनात जिथे अल्लाहच्या प्रेमाखातर अन्न देणाऱ्यांची तारीफ आहे, तिथे मिस्कीन आणि यतीम यांच्या जोडीला कैद्याचे नाव आहे. तो कैदी निर्दोष असला पाहिजे अशी अट तिथे नाही.

आपल्या जमातींनी यात काय करावे? रमजानमध्ये तुरुंगांत इफ्तारचे सामान पाठवणाऱ्या संस्था आपल्याकडे आहेत, निरीक्षणगृहांकडे त्यांचे लक्ष कमी जाते. रोजा ठेवायला मनाई नसते, अडचण असते ती सहरीची. स्वयंपाकघर सकाळी उघडते. म्हणून रमजानच्या पंधरा-वीस दिवस आधी स्थानिक जमातीच्या दोन जबाबदार माणसांनी अधीक्षकांना लेखी अर्ज द्यावा : किती मुले रोजा ठेवू इच्छितात, सहरीचे खाणे रात्रीच देऊन ठेवता येईल का, खजूर आणि फळे कार्यालयामार्फत घेतली जातील का. बाहेरचे शिजवलेले अन्न बहुतेक ठिकाणी घेत नाहीत, त्यावर वाद घालू नये. आणावे ते सीलबंद आणि सगळ्या मुलांना पुरेल एवढे. आपल्या पाच मुलांनी खजूर खावे आणि शेजारच्या गणेशने, अमोलने पाहत बसावे, असे इफ्तार आत नको. हा खर्च जकातीतून करता येईल का हे आपल्या भागातील आलिमांना विचारून घ्यावे, सदक्यातून तर करता येतोच. आणि वर्षातून एकदाच जाऊ नये. गणित किंवा इंग्रजी शिकवू शकणारा एखादा निवृत्त शिक्षक मशिदीच्या पहिल्या सफमध्ये दररोज दिसतो. त्याने आठवड्यातून दोन दुपारी परवानगी घेऊन तिथे बसावे.

आता भेटीविषयी, कारण ती उद्यापासून करता येते. भेटीचे वार आणि वेळ गृहाच्या दारावर किंवा कार्यालयात लिहिलेली असते, फोनवरही सांगतात. आई किंवा वडिलांनी स्वतःचे ओळखपत्र आणि मुलाच्या प्रकरणाचा क्रमांक घेऊन जावे. पहिल्या भेटीत मुलगा बहुधा बोलत नाही, खाली पाहतो, किंवा रडतो आणि ‘मला घेऊन चला’ एवढेच म्हणतो. त्या वेळी ‘का केलेस?’ हा प्रश्न राहू द्यावा. जेवतोस का, झोप येते का, कोणी मारते का, हे विचारावे, आणि शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देताना तो इकडे-तिकडे पाहत असेल तर ते उत्तर समजून घ्यावे. गृहात कोणी मारहाण केली तर तो कर्मचाऱ्याचा गुन्हा आहे. मंडळाच्या पुढच्या तारखेला तोंडी किंवा लेखी सांगता येते, १०९८ वरही कळवता येते. सोबत दोन जोड कपडे, चप्पल, टॉवेल, साबण न्यावा. टोपी आणि छोटा कुरआन शरीफ किंवा यासीनचे पुस्तक अधीक्षकांना दाखवून देता येते. मोबाइल, पैसे, तंबाखू-गुटखा आत पोहोचवण्याची विनंती मुलाने केली तरी करू नये, पकडले गेल्यास जामिनावर परिणाम होतो. परिविक्षा अधिकाऱ्याचे नाव विचारून घ्यावे आणि ते घरी येण्याची वाट न पाहता आपणच जाऊन भेटावे. शाळेचा दाखला, रेशन कार्ड, आणि मुलाला कामावर किंवा शाळेत परत घ्यायला कोणी तयार असेल तर त्याची दोन ओळींची चिठ्ठी सोबत असावी. ती चिठ्ठी अहवालाला जोडली जाते, आणि मंडळापुढे वकिलाच्या भाषणाहून जास्त वजन तिला असते. मुलगा सुटल्यावर, मोठ्यांप्रमाणे खटला चाललेली प्रकरणे सोडली तर, त्या गुन्ह्यामुळे त्याच्यावर कायद्याने कोणतीही अपात्रता येत नाही, आणि ठरलेल्या मुदतीनंतर त्या प्रकरणाची कागदपत्रे नष्ट करायची असतात. शाळेने किंवा नोकरीच्या ठिकाणी त्यावरून अडवले, तर मंडळाच्या आदेशाची प्रत घेऊन पुन्हा विधी सेवा प्राधिकरणाकडेच जावे. ही प्रत सुटकेच्या दिवशीच मागून घ्यावी, नंतर हेलपाटे पडतात.